मुलाला सारख्या शिंका येतात, पुढं जाऊन दमा होतो का?

ताई, तुम्ही विचारलंय की मुलगा 9 वर्षांचा आहे, सकाळी उठला की शिंकांवर शिंका, नाकाडोळ्याला खाज, आणि शेजारच्या काकू म्हणतात ह्याला पुढं दमा होणार, तर हे खरं का. मी डॉक्टर नाही. माहेर खानापूर तालुक्यातलं, आता निपाणीत असते, आणि ह्या सगळ्यातनं मी स्वतः गेलेय म्हणून लिहिते.

होणारच असं काय नसतंय, पण काकूंचं अगदीच खोटं पण नाही. अमेरिकेत कॉलेजच्या पोरांवर 23 वर्षं लक्ष ठेवलेलं, ज्यांना ॲलर्जीची सर्दी होती त्यांच्यातल्या 10.5 टक्के लोकांना पुढं दमा झाला आणि ज्यांना नव्हती त्यांच्यात 3.6 टक्के. म्हणजे धोका जवळजवळ तिप्पट, पण शंभरातल्या नव्वदांना काही झालं नाही हे पण बघा की. कारण सांगायचं तर नाक आणि फुप्फुसं आपण वेगळी धरतो, पण आतनं वाट एकच, अस्तर पण साधारण एकाच जातीचं. एका प्रयोगात ज्याची ॲलर्जी आहे तीच वस्तू नुसती नाकात सोडली, तर दुसऱ्या दिवशी खाली श्वासनळीत पण सूज दिसली. त्यात नाक चोंदलं की पोरगं तोंडानं श्वास घेतंय, म्हणजे थंड, कोरडी, न गाळलेली हवा सरळ छातीत.

आमच्याकडं सुगीत भाताची मळणी लागली की माझे डोळे लाल व्हायचे आणि नाक वाहायचं. आई म्हणायची हिची सर्दीची प्रकृती, आणि विषय संपायचा. दहावीनंतर रात्री कोरडा खोकला सुरू झाला, पहाटे तीनला उठून बसायची, कफ सिरपच्या किती बाटल्या संपल्या पण दोन वर्षं कुणी नाकाचा आणि खोकल्याचा संबंध लावला नाही. बाविसाव्या वर्षी मळणीच्याच रात्री श्वास असा अडकला की शेजाऱ्यांच्या गाडीतनं बेळगावला न्यावं लागलं. त्यानंतर घरात काळजी दम्याची नव्हती, लग्नाची होती. दम्याचा पंप (तोंडानं ओढायचं औषध) घेते म्हणून कुणाला सांगू नकोस, हे मला दहा जणांनी सांगितलं असेल. मी लग्नानंतर पंप बंदच केला आणि सहा महिन्यांत परत तीच रात्र आली. सासूबाईंनी पाठ चोळत एवढंच विचारलं, आधी सांगायचं न्हवं काय गे. आजही ते आठवलं की डोळ्यात पाणी येतंय.

म्हणून ताई, नाकाकडं आत्ताच नीट बघा. ह्या ॲलर्जीच्या सर्दीला इंग्रजीत ‘हे फिवर’ (hay fever, म्हणजे वाळलेल्या गवताचा ताप) म्हणतात पण ताप नसतोय, आणि वाळलेल्या गवताचाच दोष असं पण नाही. आपल्याकडं घरातल्या धुळीतले बारीक किडे, पावसाळाभर ओल धरलेल्या भिंतींची बुरशी आणि रस्त्याकडंचं काँग्रेस गवत (1955 च्या सुमारास पुण्यात पहिल्यांदा नजरेत आलेलं, आता शेताच्या प्रत्येक बांधावर) ही मोठी कारणं. वाकळ, उशीचे अभ्रे आठवड्याला गरम पाण्यात, साधारण 60 डिग्रीच्या, धुवा. नुसतं ऊन दाखवून सगळे किडे जात नाहीत. मुलाच्या खोलीत उदबत्ती, मच्छर कॉईल नको.

डॉक्टरांनी नाकाचा स्टेरॉईड स्प्रे दिला तर घाबरू नका, त्यातला डोस मायक्रोग्रॅममध्ये असतोय. मान थोडी खाली, नळी मधल्या पडद्याकडं नाही तर बाहेरच्या बाजूला, आणि मारल्यावर जोरात ओढायचं नाही. पूर्ण गुण यायला दोन आठवडे लागू शकतात, चार दिवसांत सोडून देऊ नका. नाक मोकळं करायचे मेडिकलमधले ड्रॉप्स मात्र आपल्या मनानं देऊ नका, पाच दिवसांच्या वर मारले की नाक उलट जास्त चोंदतंय. आणि मॉन्टेलुकास्टची (ॲलर्जी आणि दम्यासाठी देतात ती) गोळी चालू असेल तर पोरगं चिडचिड करतंय का, वाईट स्वप्नं पडतात का हे बघा, 2020 मध्ये अमेरिकेच्या औषध खात्यानं त्या गोळीवर मनावरच्या परिणामांचा सगळ्यात कडक इशारा लावलाय. तसं काय दिसलं तर लगेच डॉक्टरांना सांगा.

ॲलर्जीची टेस्ट करून इम्युनोथेरपी घेता येते, म्हणजे ज्याची ॲलर्जी आहे तेच थोडं थोडं देऊन अंगाला सवय लावायची, इंजेक्शन किंवा जिभेखालचे थेंब, किमान तीन वर्षं. परागकणांची ॲलर्जी असलेल्या युरोपातल्या मुलांना ती दिली तर पुढं दमा कमी जणांना झाला असं दिसलंय. खर्चाचं आणि चिकाटीचं काम आहे, सगळ्यांना लागतच असं नाही, पण विचारा तरी.

आता मला एक सांगा, मुलगा रात्री खोकून उठतोय का, पळाल्यावर छातीत शिट्टीसारखा आवाज येतोय का, खेळताना मधेच बसतोय का? महिनाभर कॅलेंडरवर त्या रात्रींना खूण करा आणि तो कागद घेऊन छातीच्या डॉक्टरांकडं जा, स्पायरोमेट्री (नळीत फुंकून फुप्फुसं किती चालतात ते मोजायची तपासणी) करायला सांगा, 9 वर्षांचं पोरगं नळीत नीट फुंकू शकतंय.