व्हॅटसिमवर पहिल्यांदा उड्डाण करणाऱ्यांसाठी

व्हॅटसिम हे संगणकावर सिम्युलेटरमध्ये विमान उडवणाऱ्यांना आणि हवाई वाहतूक नियंत्रकाची भूमिका करणाऱ्यांना इंटरनेटवर जोडणारे, 2001 पासून चालणारे विनामूल्य जाळे असून तेथील नियंत्रकही आपल्यासारखेच हौशी स्वयंसेवक असतात, हे लक्षात घेतले की माइकचे बटण दाबताना वाटणारी धास्ती बरीच ओसरते. जोडणी करताना विमान धावपट्टीवर नव्हे, पार्किंगमध्येच उभे असावे. आधी थोडा वेळ नुसते ऐका. क्लिअरन्स, म्हणजे ठरलेल्या मार्गाने उड्डाणाची परवानगी, मागण्यापूर्वी वही-पेन्सिल जवळ घ्या, कारण गंतव्य, निर्गमन मार्ग, सुरुवातीची उंची आणि रडारवर विमान ओळखण्यासाठीचा चार अंकी स्क्वॉक कोड हे सारे एका दमात सांगितले जाते आणि ते तुम्हाला लगेच परत म्हणून दाखवावे लागते. एखादा शब्द निसटला तर अंदाजाने होकार देऊ नका, ‘से अगेन’ म्हणा. चुकीच्या उंचीवर चढून दुसऱ्याच्या वाटेत जाण्यापेक्षा नियंत्रकाला दोनदा सांगावे लागले तरी चालते. मुंबईहून निघणार असाल, तर तेथील दोन्ही धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, म्हणून टॅक्सी करताना, म्हणजे विमान जमिनीवर चालवताना, स्पष्ट परवानगीशिवाय कोणतीही धावपट्टी ओलांडू नका. नियंत्रक नसेल तेथे 122.800 या युनिकॉमवर, म्हणजे सर्व वैमानिकांच्या सामायिक रेडिओ वारंवारतेवर, आपला इरादा कळवत राहा. बोलण्याचा संकोच वाटत असल्यास मजकुरानेही संवाद साधता येतो. मात्र आवाजाची सवय जितक्या लवकर लागेल तितके बरे.