बटाट्यावर पेरॉक्साइड टाकलं, वाटी कोमट झाली. मग ते अपघटन कसं?

ताई, तुमच्या मुलीच्या दहावीच्या वहीत लिहिलंय, 'अपघटन अभिक्रिया ऊष्माग्राही असते', म्हणजे ती उष्णता शोषून घेते. घरी बटाट्याच्या किसावर हायड्रोजन पेरॉक्साइड ओतलं तर फेस आला आणि वाटी चक्क कोमट लागली. तिची शंका रास्त आहे. ते अपघटनच आहे. चुकलंय ते वहीतलं वाक्य, आणि मीसुद्धा ते बरीच वर्षं फळ्यावर लिहिलंय.

अपघटन ओळखायचं ते अभिक्रियाकारक, म्हणजे अभिक्रियेत भाग घेणारे पदार्थ मोजून. समीकरणात डावीकडे एकच पदार्थ, उजवीकडे दोन किंवा जास्त, झालं. उष्णता घेतली की दिली, हा वेगळा प्रश्न.

घोटाळा होतो तो चुनखडीमुळे, कारण शिकवताना पहिलं उदाहरण तेच येतं. १०० ग्रॅम शुद्ध चुनखडी ८००-९०० अंशांच्या आसपास तापवली की ५६ ग्रॅम चुनकळी उरते, ४४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड होऊन उडून जातो. भट्टी विझली की काम थांबलं. आपल्या अंगणातली शहाबादी फरशीही चुनखडीच, पण नागपूरचा मे महिना तिचं काही वाकडं करू शकत नाही.

पेरॉक्साइडची गोष्ट उलटी. त्याच्या रेणूत ऑक्सिजनच्या दोन अणूंमधला बंध कच्चा असतो. तो तोडायला थोडी ऊर्जा लागतेच, पण मग पाणी आणि ऑक्सिजन तयार होताना जे पक्के बंध जुळतात, ते त्याहून जास्त ऊर्जा सोडतात. मोलमागे, म्हणजे ३४ ग्रॅम पेरॉक्साइडमागे, सुमारे ९८ किलोज्यूल शिल्लक. बटाट्यातलं कॅटालेज विकर (एन्झाइम) फक्त घाई करतं, उष्णता त्याची नव्हे. वर्गात मी त्याऐवजी चिमूटभर मँगनीज डायऑक्साइड टाकायचो. मनसरच्या खाणींमुळे मँगनीज हे नाव तरी पोट्ट्यांच्या ओळखीचं असायचं! एकदा उन्हाळ्याच्या सुटीत पत्र्याच्या खोलीत पेरॉक्साइडचा कॅन घट्ट बंद राहिला. जूनमध्ये बघतो तर फुगून टरबूज झालेला.

याहून भारी उदाहरण अमोनियम नायट्रेटचं. त्याचं अपघटन एकदा जोर धरलं की स्वतःच्याच उष्णतेवर भडकत जातं. म्हणून त्याच्या साठवणुकीला २०१२ चे खास नियम आहेत, आणि ते राबवणाऱ्या पेसोचं, म्हणजे स्फोटकांच्या सुरक्षेवर लक्ष ठेवणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेचं, मुख्यालय आपल्याच नागपुरात आहे. हे मात्र वाचण्यापुरतंच, घरी नाही.

पेपरात तिला 'बहुतेक अपघटन अभिक्रिया ऊष्माग्राही असतात' असं लिहू द्या. 'बहुतेक' खोडू नका.

आणि एक जागा जिथे दरवर्षी मार्क जातात. खाण्याचा सोडा नुसता तापवला तर धुण्याचा सोडा, वाफ आणि कार्बन डायऑक्साइड मिळतो, ते अपघटन. त्याच सोड्यावर लिंबू पिळलं तरी तोच वायू फसफसतो, पण ते अपघटन नाही, तिथे डावीकडे दोघं आहेत.