ॲप बंद पडलं तर माझे शेअर्स कुठे जाणार?

प्रश्न : मी कराडला शिक्षिका आहे, दोन वर्षं झाली एका ॲपवरून थोडे थोडे शेअर्स घेतेय. आमच्या स्टाफरूममधे एक सर म्हणाले ॲपवाली कंपनी बुडाली की तुमचे शेअर्स पण गेले. खरं का? आणि ते सीडीएसएलचे मेसेज येतात ते कोण, ब्रोकरचेच लोक का?

ताई, शेअर्स ॲपमधे दिसतात पण ॲपमधे नसतात. ते असतात डिपॉझिटरीकडे, म्हणजे सगळ्यांचे शेअर्स इलेक्ट्रॉनिक नोंदीत सांभाळणारी संस्था, ती ब्रोकरची नाही, वेगळी. आपल्याकडे अशा दोनच, एनएसडीएल १९९६ पासून आणि सीडीएसएल १९९९ पासून. तुमचा डीमॅट (शेअर्सच्या खात्याचा) नंबर बघा, आयएन पासून सुरू होत असेल तर एनएसडीएल, नुसते १६ आकडे असतील तर सीडीएसएल. ब्रोकरचं काम तुमची ऑर्डर एक्स्चेंजवर नेणं एवढंच, फक्त बऱ्याचदा तोच डिपॉझिटरीचा डीपी (खातं उघडून देणारा एजंट) पण असतो म्हणजे दुकान एक आणि लायसन्स दोन, म्हणून सगळं त्याच्याकडेच आहे असं वाटतं. मधे क्लिअरिंग कॉर्पोरेशन असतं ते तर कुणाला माहीतच नसतं, समोरचा विकणारा पलटला तरी सौदा पूर्ण करून द्यायची जबाबदारी त्यांची, आणि जानेवारी २०२३ पासून सगळे शेअर्स दुसऱ्या ट्रेडिंग दिवशी डीमॅटला येतात. माझे वडील कागदी सर्टिफिकेट आणि ट्रान्सफर डीड पाठवायचे, सही जुळली नाही की दोन महिन्यांनी पाकीट परत, त्याला बॅड डिलिव्हरी म्हणायचे. असो.

पण तुमचे सर अगदीच हवेत बोलत नाहीयेत. कार्वी या ब्रोकर कंपनीच्या केसमधे ग्राहकांनी दिलेल्या पॉवर ऑफ ॲटर्नीच्या (खातं चालवायच्या लेखी अधिकाराच्या) जोरावर त्यांचे शेअर्स इकडचे तिकडे करून गहाण टाकले होते, नोव्हेंबर २०१९ मधे सेबीने, म्हणजे शेअरबाजारावर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, कारवाई केली, मग एनएसडीएलने बऱ्याच जणांचे शेअर्स त्यांच्या खात्यात परत टाकले. त्यानंतर नियम आवळले. आता विकताना टीपिन (सीडीएसएलचा पिन) आणि ओटीपी मागतात त्याचा कंटाळा येतो खरा पण तो असू द्या. महिन्यातून एकदा सीडीएसएलच्या ईझी या ऑनलाइन सेवेवर थेट लॉगिन करून बघा, ॲपमधले आकडे आणि तिथले आकडे जुळले की झालं. ब्रोकर बंदच झाला तर दुसऱ्या डीपीकडे खातं हलवता येतं.

मला विचाराल तर काळजी शेअर्सपेक्षा पैशांची करा, म्हणजे ट्रेडिंग अकाउंटला जे वीस-पंचवीस हजार "पुढच्या वेळी लागतील" म्हणून ठेवतो ना, ते. ते डीमॅटमधे नसतात, ब्रोकरमार्फत ठेवलेले असतात आणि व्याज शून्य. महिन्याने किंवा तीन महिन्यांनी ते आपोआप बँकेत परत येतात (नियमच आहे तसा), तेव्हा घाबरून कस्टमर केअरला फोन करू नका.

प्रश्न : आमच्या तालुक्यातले एकजण सब-ब्रोकर आहेत, ओळखीचे आहेत. म्हणतात पैसे माझ्या गुगल पे वर टाका मी शेअर्स घेऊन देतो. चालेल का? – एक वाचक, लातूर जिल्हा

नाही. ओळख असली तरी नाही. एक तर सब-ब्रोकर हा प्रकार २०१९ मधेच संपलाय, आता ऑथोराइज्ड पर्सन म्हणतात, आणि त्यांना स्वतःच्या नावावर ग्राहकाचे पैसे घेताच येत नाहीत, कॅश पण नाही. पैसे तुमच्या बँकेतून सरळ ब्रोकरच्या खात्यात. आणि दादा एक आजच तपासा, खात्याला मोबाईल नंबर आणि ईमेल कुणाचा लावलाय? फॉर्म भरताना असे लोक "तुम्हाला कुठे ईमेल बघता येतं" म्हणून स्वतःचाच टाकतात, मग २४ तासात येणारी कॉन्ट्रॅक्ट नोट (सौद्याची पावती), ओटीपी, सगळं त्यांच्याकडेच जातं आणि तुम्हाला कळतं वर्षाने. असं निघालं तर आधी तो नंबर बदला, मग गोड बोला.

प्रश्न : झिरो ब्रोकरेज म्हणतात मग विकताना पैसे का कापतात? एकाच कंपनीचे रोज दोन-दोन शेअर्स पाच दिवस विकले तर पाच वेळा कापले. – पुणे

कारण ब्रोकरेज सोडून बाकी सगळं आहेच की. एसटीटी म्हणजे शेअरच्या सौद्यावरचा कर, डिलिव्हरीला (शेअर्स खरंच डीमॅटला येतात-जातात तेव्हा) ०.१ टक्का, घेताना पण विकताना पण, तो सरकारला जातो. आणि विकताना डीपी चार्ज लागतो तो कंपनीमागे दिवसाला एकदा, एक शेअर विका नाहीतर हजार. तुम्ही पाच दिवस रोज दोन-दोन विकलेत ना, म्हणून पाच वेळा कापला.