जोर नको, आधी युरेटर सैल होऊ दे

तू युरॉलॉजीत नवीन आहेस म्हणून सांगतो. मुतखडा दुर्बिणीने काढताना बऱ्याचदा खडा फोडणं अवघड नसतं, आत शिरणं अवघड असतं. युरेटरचा, म्हणजे किडनीतून मूत्राशयात लघवी नेणाऱ्या नळीचा, स्नायू आवळलेला असतो. त्यात स्नायूला आवळायला लावणारे अल्फा-१ रिसेप्टर असतात, खालच्या भागात तर जास्तच. म्हणून ऑपरेशन ठरलेलं असेल आणि हाताशी वेळ असेल, तर आधी आठवडाभर हे रिसेप्टर अडवून स्नायू सैल करणारी गोळी, सिलोडोसिन ८ मिग्रॅ किंवा टॅमसुलोसिन ०.४ मिग्रॅ रोज देण्याबद्दल सरांशी बोल. स्कोप म्हणजे दुर्बीण, आणि ती ज्यातून आत नेतात ती नळी, अ‍ॅक्सेस शीथ, सहज वर जाण्याची शक्यता वाढते. कधी खडा आपणहून पडून जातो, तेव्हा टेबलवर घेण्याआधी तो आहे ना, हे बघ.

चक्कर येऊ शकते, वीर्य बाहेर येणं थांबू शकतं, हे पेशंटला स्पष्ट सांग. नाहीतर तरुण माणूस घाबरून गोळी सोडतो. मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलंय का, तेही विचार, कारण या गोळीने त्यात अडचण येऊ शकते. ताप आणि अडलेली किडनी असेल तर मात्र थांबायचं नाही, आधी अडलेल्या लघवीचा निचरा.

गोळी घेऊनही स्कोप जात नसेल तर ढकलू नकोस, युरेटर फाटतो. डीजे स्टेंट, म्हणजे युरेटरमध्ये ठेवायची बारीक नळी, टाक, एक-दोन आठवड्यांनी परत घे. या दुसऱ्या भुलीची शक्यता संमती घेतानाच नातेवाइकांसमोर बोलून ठेव.