'कोटा क्विकी' म्हणजे 'बी-ग्रेड' नव्हे

प्रश्न असा आहे: १९५३ सालच्या एका कमी खर्चाच्या ब्रिटिश गुन्हेपटाला 'कोटा क्विकी' म्हटलेलं वाचलं. मराठीत त्याला 'बी-ग्रेड सिनेमा' म्हणावं का?

नाही. आधी ते 'बी-ग्रेड' सोडा. आपल्याकडे हा शब्द भडक, चावट सिनेमांना चिकटलाय आणि कुठल्याही स्वस्तातल्या चित्रपटाला तो लावलेला ऐकून कान किटले. ब्रिटिश 'बी' हा दर्जा नव्हे, खेळातली जागा आहे. एका तिकिटात दोन चित्रपट असत. मोठा तो 'ए', त्याच्या जोडीचा तासा-सव्वातासाचा तो 'बी'. 'पूरक चित्रपट' म्हणा, काम भागतं.

आणि १९५३चा चित्रपट 'कोटा क्विकी' तर मुळीच नाही. ही चूक इंग्रजीतले सिनेमाचे जाणकारही करतात. साठच्या दशकापर्यंत हा शब्द ताणतात, आणि ते साफ चुकतात. १९२७च्या कायद्याने ब्रिटनमधल्या वितरकांवर ठरावीक टक्के ब्रिटिश चित्रपट घेण्याची सक्ती आली. सुरुवातीला ७.५ टक्के, पुढे २० पर्यंत. मोजणी फिल्मच्या लांबीची, फुटांत; दर्जाची अट नाही. मग अमेरिकी कंपन्यांच्या तिथल्या शाखा फुटाला एक पौंड या भावाने चित्रपट बनवून घेऊ लागल्या. ३५ मिलिमीटरची फिल्म मिनिटाला ९० फूट धावते. म्हणजे ६,००० फुटांचा, सुमारे ६७ मिनिटांचा चित्रपट ६,००० पौंडांत. हा कोटा भरायला झटपट उरकलेला चित्रपट म्हणजे 'कोटा क्विकी'. १९३८च्या कायद्याने एका मोठ्या चित्रपटावर निव्वळ मजुरीचाच किमान खर्च ७,५०० पौंड ठरवला आणि हा धंदा बसला. १९४८मध्ये वितरकांवरची सक्तीही गेली. उरली ती थिएटरवाल्यांवरची, पूरक खेळासाठी २५ टक्के.

पन्नासच्या दशकातले गुन्हेपटही दोन-तीन आठवड्यांत उरकत, पण त्याचं कारण निराळं. पूरक चित्रपटाला सहसा गल्ल्यातला वाटा मिळत नसे, ठोक भाडं मिळे. गर्दी कितीही होवो, रक्कम तीच, मग खर्चही आधीच बांधलेला. लंडनच्या मर्टन पार्क स्टुडिओत १९६०पासून निघालेली, ब्रिटिश रहस्यकथाकार एडगर वॉलेस यांच्या कथांवरची चित्रपटमालिका याच हिशेबातली. वॉलेस वारले १९३२ला, तेव्हा कथालेखकाच्या नावावरून चित्रपटाचा काळ ठरवू नका, प्रदर्शनाचं साल बघा.

आता शब्दाकडे. 'कोटा' लॅटिन 'कोटा पार्स'मधून आला: 'कितवा हिस्सा'. इंग्रजीत ज्याला धड एक शब्द नाही तो आपला 'कितवा' लॅटिनमध्ये होता! मुळातला 'क्वॉट' हा संस्कृत 'कति'चा सख्खा भाऊ.

पण खरा मोहरा 'क्विक'. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ वेगवान नव्हे, जिवंत. 'क्विक अँड द डेड' म्हणजे जिवंत आणि मृत. हा शब्द आणि संस्कृत 'जीव' एकाच मुळाचे. मूळ ध्वनी 'ग्व'. संस्कृतात पुढच्या 'इ'मुळे त्याचा 'ज' झाला, इंग्रजीत 'क्व'. संस्कृत 'गो' (गाय) आणि इंग्रजी 'काउ' ही जोडीही त्याच 'ग्व'ची. तिथे पुढे 'इ' नव्हता, म्हणून संस्कृतात 'ग' टिकला. जिवंत, म्हणून हलतं, म्हणून चपळ, असा अर्थ सरकत गेला. आपणही वाहत्या झऱ्याला 'जिवंत झरा' म्हणतोच की.

नखाखालच्या हळव्या मांसाला इंग्रजीत आजही 'क्विक' म्हणतात. नख फार खोल कापलं की ते लागतं कुठे? जिव्हारी! इंग्रज म्हणतो 'कट टु द क्विक', आपण म्हणतो 'जिव्हारी लागलं'. दोन भाषांनी एकमेकींना न विचारता जीव नेमका त्याच जागी ठेवला. 'जिव्हार' आणि 'जिव्हाळा' यांना 'जिव्हा'शी, म्हणजे जिभेशी जोडणारे लोक आहेत. मला ते अजिबात मान्य नाही. विहिरीच्या जिवंत झऱ्यालाही 'जिव्हाळा' म्हणतात. तिथे जिभेचा काय संबंध? दोन्हींत जीवच आहे.

तीसच्या दशकातल्या चित्रपटांसाठी 'कोटा क्विकी' तसाच ठेवा. स्त्रीलिंगी वापरा, अनेकवचन 'क्विक्या', 'टॅक्सी-टॅक्स्या'सारखं.