जर्मनमध्ये 'मिळणे'साठी बकोमन, क्रीगन, एरहाल्टन यांपैकी कुठला शब्द कधी वापरायचा?

शंका असेल तिथे 'बकोमन' वापरा, तो कुठेच खटकत नाही. 'क्रीगन' बोलण्यातला आणि 'एरहाल्टन' कार्यालयीन पत्रांतला. बेकरीत पाव घेताना 'इश बकोमं' किंवा 'इश क्रीग' चालतं. 'इश एरहाल्टं' म्हणालात तर 'मज दोन पाव प्राप्त होतील' असं काहीसं वाटेल! डूडन शब्दकोशात अशा शब्दांपुढे शेरा असतो (क्रीगनपुढे 'बोलण्यातला'), शब्दाबरोबर तोही पाठ करा. नाहीतर चेहऱ्याला साधं 'गझिष्ट' किंवा काव्यातलं 'आंटलित्स' म्हणायच्या ऐवजी 'फ्रेसं', म्हणजे सरळ थोबाड, म्हणून बसाल. मात्र क्रीगन असभ्य नाही. शिकलेसवरलेलेही तो सर्रास बोलतात, फक्त नोकरीच्या अर्जात नको.