पानं गळतायत, तार आत्ताच गुंडाळू का?

प्रश्न : दोन वर्षांपूर्वी नर्सरीतून फायकसचा बोन्साय आणला. दिवाळीनंतर थंडी लागेल म्हणून गॅलरीतून उचलून हॉलमध्ये टीव्हीशेजारी ठेवला, तेव्हापासून पानं पिवळी पडून गळतायत, आता निम्मीच राहिलीत. मैत्रीण म्हणते फांद्या उघड्या दिसतायत तर वायरिंग, म्हणजे आकार देण्यासाठी फांद्यांना तार गुंडाळणं, आत्ताच करून घे. करू का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : ताई, तार सध्या कपाटातच राहू द्या. ज्या झाडांची पानं थंडीत मुळातच झडतात त्यांच्यासाठी मैत्रिणीचं म्हणणं बरोबर आहे, पण फायकस सदाहरित, त्याची निम्मी पानं गेली म्हणजे त्याला काहीतरी सोसत नाहीये. तुमच्याकडे बहुतेक उजेड कमी पडलाय. गॅलरीतल्या उन्हातून एकदम हॉलमध्ये आणलं की फायकस पानं टाकतो, पानं कमी झाली की पाणीही कमी ओढतो, आणि आपण मात्र रोजच्या सवयीने तेवढंच पाणी घालत राहतो, मग मुळं कुजायला लागतात.

आधी एवढं करा. शेंड्याकडची बारीक फांदी धरा आणि अंगठ्याच्या नखाने साल तीळभर खरवडा. खाली ओलसर हिरवं दिसलं, दुधासारखा चीक आला, तर फांदी जिवंत. तपकिरी, कोरडं लागलं तर ती गेली, मग थोडं थोडं खोडाकडे सरकत हिरवं कुठे लागतं ते बघा. शेंडे वाळले की झाडच मेलं असं समजून लोक कुंडी रिकामी करतात, फार वाईट वाटतं हो, कारण खोड हिरवं असलं तर फायकस जुन्या लाकडातूनही फुटतो. मग अगरबत्तीची उरलेली काडी मातीत खोल खुपसून दहा मिनिटांनी काढा. ओली निघाली तर पाणी नको. मातीला कुबट वास येत असेल तर कुंडीच्या तळाची भोकं बुजलीत का तेही बघा.

झाड परत गॅलरीत न्या पण थेट दुपारच्या उन्हात नाही, आठवडाभर सकाळचं कोवळं ऊन आणि मग वाढवत जा. नाशिकला जानेवारीत पारा 10 च्या खाली जातो, तेव्हा रात्रीपुरतं आत घ्या. खत आत्ता अजिबात नको.

आता तारेचं. फांदी वाकवली की आतल्या लाकडाला बारीक बारीक चिरा जातात, त्या भरताना नवं लाकूड धरतं आणि म्हणूनच फांदी त्या आकारात राहते. वाढ थांबलेल्या झाडात ते भरूनच येत नाही, म्हणजे झाडाला त्रासही होणार आणि तार काढली की फांदी जवळजवळ पहिल्यासारखी. त्यामुळे फेब्रुवारी-मार्चमध्ये शेंड्याचे टोकदार कोंब उघडू देत, ती पालवी गर्द, जाड होऊ दे, मग हात लावा. रिपॉटिंग, म्हणजे कुंडीतली माती बदलून झाड पुन्हा लावणं, करायचं असेल तर तेही तारेबरोबर नको, मध्ये दोन-तीन महिने जाऊ द्या.

प्रश्न : जूनमध्ये वडाला तार गुंडाळली, गणपतीत बघतो तर सालीत रुतलीय. उलटी उलगडून काढू का?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : उलगडू नका, साल सोबत येईल आणि फांदीही मोडू शकते. कटरने एकेक वेढा वेगळा कापा, तुकडे आपोआप सुटतात. फारच आत गेलेला तुकडा ओढत बसू नका. वळ राहतील, पण वड जोमाने वाढतो, काही वर्षांत बरेचसे पुसट होतात. पावसाळ्यात वड-पिंपळ इतके भराभर जाड होतात की तार दर आठवड्याला बघावीच लागते. पुढच्या वेळी अ‍ॅल्युमिनियमची तार घ्या, फांदीच्या जाडीच्या साधारण एक तृतीयांश, म्हणजे 9 मिलीमीटरच्या फांदीला 3 ची, वेढे 45 अंशात तिरपे, आणि आदल्या दिवशी पाणी देऊ नका म्हणजे फांदी लवचिक राहते.

प्रश्न : पुण्यात जुनिपर (सूचिपर्णी झाड) आणलाय, हिरवा आहे पण तीन महिन्यांत काडीचीही वाढ नाही. तार चालेल?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : जुनिपरच्या हिरव्या रंगावर विश्वास ठेवू नका, मुळं मेल्यावरही तो कित्येक आठवडे हिरवाच दिसतो. पानं बोटांत चुरून बघा, कोरडी, खरखरीत लागली आणि रंगाची चमक गेली असेल तर नखाने साल खरवडून बघा. खाली हिरवं असेल तर घरात न ठेवता उघड्यावर ठेवा आणि शेंड्याला पोपटी फूट दिसेपर्यंत तार नको.